हळद-मिरचीच्या छोट्या निर्यात युनिटला एचआर मॅनेजर लागतो का?

प्रश्न थोडक्यात असा: समुद्रपूर तालुक्यात हळद आणि मिरची पावडरीचं युनिट आहे, तिसरं वर्ष सुरू आहे. 38 माणसं, त्यांत 24 बाया. निम्म्याहून जास्त माल दुबई आणि जर्मनीला जातो. ऑक्टोबरात अर्ध्या बाया येत नाहीत. एक्स्पोर्टचं सगळं पाहणारा पोरगा राजीनामा देऊन पुण्याला निघाला आहे. जर्मन ग्राहक सामाजिक ऑडिटचा, म्हणजे कामगारांना कसं वागवलं जातं याच्या तपासणीचा, रिपोर्ट मागतो आहे. नागपूरहून एचआर मॅनेजर आणावा का?

आत्ता नको. 38 माणसांवर पूर्णवेळ मॅनेजर बसवलात तर तो धोरणांच्या फायली करेल, थम मशीन लावेल, वाढदिवसाचे केक कापेल, आणि तुमच्या तिन्ही अडचणी जागच्या जागी राहतील. पहिली अडचण अशी की परदेशचा सगळा धंदा एका पोराच्या मोबाइलमध्ये आहे. दुसरी शेतीच्या कॅलेंडरची आहे, तिसरी हजेरीपुस्तकाची. या तिन्ही गोष्टी मालकाला स्वतः लावून द्याव्या लागतात. मदतीला हिंगणघाट किंवा समुद्रपूरचा एक बी.कॉम. झालेला मुलगा किंवा मुलगी हजेरी-पगाराला ठेवा, पीएफ आणि ईएसआयसीच्या (कामगार विम्याच्या) भरण्यासाठी वर्ध्याचा किंवा नागपूरचा एखादा कामगार कायदा सल्लागार महिन्याच्या फीवर धरा, आणि स्वतःची शनिवारची सकाळ फक्त माणसांच्या कामाला राखून ठेवा.

तुमच्या धंद्याची तऱ्हा जुन्या जिनिंग-दालमिलवाल्यांपेक्षा वेगळी आहे, हे लक्षात घ्या. ते आधी वर्षानुवर्षं इथल्या बाजारात विकत, मग मुंबईच्या व्यापाऱ्याला, मग जमलं तर बाहेर. तोवर त्यांच्याकडे मुनीम, फोरमन, सुपरवायझर अशी दुसरी फळी आपोआप तयार होई. तुम्ही दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातच परदेशात विकता. अशा कंपन्यांना 1990च्या दशकापासून अभ्यासक ‘बॉर्न ग्लोबल’ म्हणतात. ग्राहकाच्या मागण्या मोठ्या कंपनीसारख्या येतात आणि घरात मात्र अजून मालक, त्याचा भाऊ आणि एक हुशार पोरगा एवढंच असतं. सगळ्यांनी सगळं करायचं ही पद्धत पहिल्या वर्षी उपयोगाची असते. तिसऱ्या वर्षी तीच अंगाशी येते.

आधी त्या पोराच्या राजीनाम्याकडे वळू, कारण तिथे दिवस मोजके आहेत.

एका कागदावर सगळे लॉगिन लिहून काढा: आइसगेट (कस्टम्सचं पोर्टल), डीजीएफटी (परकीय व्यापार महासंचालनालय), स्पायसेस बोर्ड, सेंद्रिय माल असेल तर त्याचा माग ठेवणारं अपेडाचं ट्रेसनेट, बँकेचं परकीय व्यापाराचं पोर्टल, शिपिंग लाइनची खाती. प्रत्येकापुढे लिहा की नोंदवलेला मोबाइल कोणाचा आणि ई-मेल कोणता. बहुतेक ठिकाणी त्या पोराचाच नंबर निघेल, कारण पहिल्या वर्षी नोंदणी करताना समोर तोच बसला होता. तो गेल्यावर कंटेनर जेएनपीटी बंदरात उभा असेल आणि ओटीपी पुण्यात त्याच्या खिशात वाजत असेल. नंबर बदलण्याचा क्रम असा ठेवा: सगळ्यात आधी ई-मेल, कारण बाकी सगळ्यांचे पासवर्ड तिथेच येतात, मग बँक, मग सरकारी पोर्टलं. मेल कंपनीच्या स्वतःच्या डोमेनवर हवा. एक्स्पोर्ट टेबलासाठी कंपनीच्या नावावरचं सिम वेगळं घ्या आणि तो फोन ऑफिसातच राहू द्या. डिजिटल सिग्नेचर मालकाच्या किंवा संचालकाच्या नावाची, आणि तिचं यूएसबी टोकन तिजोरीत. ग्राहकाने पाऊचच्या छपाईला ‘ओके’ दिलेला असतो तो बहुधा व्हॉट्सॲपवर, फोटोखाली. तसले सगळे चॅट एक्स्पोर्ट करून ग्राहकाच्या नावाच्या फोल्डरमध्ये टाका. उद्या लेबलवरून वाद झाला तर तोच पुरावा आहे.

मग हस्तांतर. नुसती ‘सगळं समजावून सांग’ अशी ताकीद काही कामाची नाही. दोन शिपमेंट लागतात: पहिली तो करेल आणि नवा माणूस शेजारी बसून लिहून घेईल, दुसरी नवा माणूस करेल आणि तो फक्त पाहील. लिहून घ्यायचं काय, तर ऑर्डर आल्यापासून पैसे जमा होऊन ई-बीआरसी (परदेशातून पैसे आल्याचा दाखला) निघेपर्यंतची प्रत्येक पायरी, त्या पायरीला कोणाला फोन करायचा, आणि उशीर झाला तर काय अडतं. दुसऱ्या शिपमेंटआधीच तो जाणार असेल तर तीन महिने प्रत्येक शिपमेंटमागे ठरावीक फी देऊन त्याला फोनवर ठेवा. एका अडकलेल्या कंटेनरच्या डिटेन्शनपुढे, म्हणजे कंटेनर उशिरा परत केल्याच्या दंडापुढे, ही फी किरकोळ आहे.

त्याचा पगार किंवा अनुभवपत्र अडवून धरू नका. ही खोड आपल्याकडे फार आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार श्रम संहिता लागू झाल्या आहेत, आणि वेतन संहितेप्रमाणे राजीनाम्यानंतरही दोन कामकाजी दिवसांत मजुरीचा हिशोब चुकता करावा लागतो. नोकरी सोडल्यावर ‘अमुक वर्षं दुसऱ्या मसाला कंपनीत जायचं नाही’ हा करार 1872च्या करार कायद्याच्या कलम 27 खाली टिकत नाही. मुदतीआधी सोडलं तर प्रशिक्षणाचे पैसे भरायचे हा बाँड टिकू शकतो, पण रक्कम प्रशिक्षणावर झालेल्या खऱ्या खर्चाशी जुळणारी हवी. कोर्समध्ये 15 हजार घातले आणि बाँड 2 लाखांचा लिहिला, तर तो कागद धमकावण्यापुरताच.

त्याच्या जागी पुण्या-मुंबईचा एमबीए आणू नका. तो इथे येईल तो दुसरी नोकरी लागेपर्यंत. या जागेसाठी आपल्या भागात एक मोठा साठा पडून आहे आणि त्याकडे कुणी पाहत नाही: लग्न होऊन गावात आलेल्या शिकलेल्या सुना. बी.कॉम., बी.एस्सी., क्वचित एम.एस्सी. झालेल्या, नागपूर-अमरावतीला शिकलेल्या, आता घरी. त्या गाव सोडून जाणार नाहीत. सासरच्यांची परवानगी हा प्रश्न असतोच. तो जाहिरातीने सुटत नाही. घरच्यांना एकदा युनिट दाखवा, वेळ आणि गाडी नक्की सांगा, मग सुटतो. दुसरा साठा म्हणजे जिनिंगच्या किंवा पतसंस्थेच्या हिशोबावर दोन-तीन वर्षं बसलेली मुलं. चुकीच्या आकड्याची त्यांना भीती असते, आणि ती या कामात फार मोलाची आहे.

मुलाखतीत इंग्रजी बोलायला लावू नका. एक चाचणी द्या: खरा जुना इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि लेटर ऑफ क्रेडिट (एलसी, म्हणजे बँकेची पैशाची हमी), त्यांत मुद्दाम तीन विसंगती घातलेल्या. पावडरच्या मालाला हळकुंडाचा कोड लावलेला, म्हणजे 09103030च्या जागी 09103020. नक्त वजनात पोत्याचं वजन मिसळलेलं. बंदराचं नाव एलसीत एक आणि इन्व्हॉइसवर दुसरं. चाळीस मिनिटं द्या. ज्याला दोन सापडल्या तो शिकेल. ज्याला एकही सापडली नाही पण बोलणं झकास, त्याला विक्रीत ठेवा, कागदांवर नको. इंग्रजी पत्रव्यवहार दहा-बारा प्रकारच्या मेलमध्ये संपतो. त्यांचे नमुने करून ठेवा.

वेळेची भीतीही बाळगू नका. जर्मनीची घड्याळं उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे, हिवाळ्यात साडेचार. म्हणजे तिथले सकाळचे नऊ हे आपले साडेबारा किंवा दीड. दुबई फक्त दीड तास मागे. सकाळी दुबई, दुपारी जर्मनी, आणि साडेपाच-सहाला माणूस घरी. रात्रपाळी, मुक्काम, शेवटची एसटी चुकणं यांतलं काही लागत नाही. काही मालक रात्री नऊला ग्राहकाशी व्हिडिओ कॉल ठेवतात, ते सवयीपोटी.

या टेबलाला दुसरा हात हवाच. 30 किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात, एकूण संख्येच्या 2.5 ते 15 टक्के. तुमच्या 38वर किमान एक. तो एक लोडिंग-अनलोडिंगला न लावता एक्स्पोर्ट टेबलाला किंवा लॅबला लावा. केंद्राच्या शिकाऊ प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा 25 टक्के, महिन्याला 1,500 रुपयांपर्यंतचा वाटा मिळतो.

आता बायांचा प्रश्न. ऑक्टोबरातली गैरहजेरी ही बेशिस्त नव्हे, सरळ हिशोब आहे. सोयाबीनची सोंगणी एकरी ठेक्याने जाते, टोळी करून गेल्या तर दिवसाची मिळकत तुमच्या रोजापेक्षा जास्त पडते. त्याच्या पाठोपाठ कापसाचा वेचा, किलोवर. शिवाय निम्म्या जणींचा स्वतःचा दोन-तीन एकरांचा तुकडा असतो; तिथलं सोयाबीन पावसात भिजत असेल तर कोणती कास्तकारीण तुमच्याकडे मिरचीचे देठ खुडत बसेल? दंड लावून हे थांबत नाही. दंड लावला की ती नोव्हेंबरातही परत येत नाही, एवढंच होतं.

तुमचं कॅलेंडर आणि त्यांचं कॅलेंडर एका कागदावर काढा. हळद मे-जूनला लागते, जानेवारी ते मार्चमध्ये खणली जाते, शिजवणं-वाळवणं-पॉलिश एप्रिलपर्यंत चालतं. मिरचीचा तोडाही हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत. म्हणजे तुमच्या कामाचा जोर फेब्रुवारी ते जून, नेमका जेव्हा शेतात काम कमी. जुलै-ऑगस्टात निंदण, ऑक्टोबर-नोव्हेंबरात सोंगणी-वेचा, तेव्हा तुमच्याकडेही साठवलेल्या मालाचं दळण आणि पॅकिंग एवढंच. देव इतका मदतीला आला असताना भांडण कशाचं?

करायचं ते असं. 24पैकी 14 जणी कायम ठेवा: ग्राइंडिंग, पॅकिंग, लॅब, स्वच्छता. उरलेल्या जागा जानेवारी ते जूनच्या मुदतबंद नेमणुकीच्या करा, लेखी पत्र देऊन, कायम बायांइतक्याच दराने. मुदतबंद कामगाराला नव्या संहितेत वर्षभराच्या सेवेनंतरही ग्रॅच्युइटीचा हक्क येतो, तेव्हा मुदत ठरवताना सल्लागाराला विचारा. कायम जणींना ऑक्टोबरात दहा दिवसांची सोंगणीची सुटी उघडपणे द्या, दोन तुकड्यांत. कोण कोणत्या तुकडीत हे पोळ्याच्या आसपास त्यांनाच ठरवू द्या. आणि विक्रीकडे निरोप: ऑक्टोबरचा दुसरा-तिसरा आठवडा कंटेनर भरायची तारीख देऊ नका. सप्टेंबरअखेरीस थोडा तयार माल पुढे काढून ठेवा. ग्राहकाला पाच महिने आधी सांगितलं तर तो ऐकतो. आठ दिवस आधी सांगितलं तर तो दुसरा पुरवठादार शोधायला लागतो.

गैरहजेरीचं दुसरं कारण ऑटो. तीन गावांच्या बाया एका गाडीने येत असतील तर गाडी बंद पडली की आठ-नऊ जणी एकदम गायब. गाडीवाल्याशी करार कंपनीचा हवा, मुकादमाचा नको, आणि पर्यायी गाडीचा नंबर फळ्यावर लिहिलेला. हजेरीची वेळ गाडी पोचण्याच्या वेळेला बांधा. गाडी उशिरा आली म्हणून बाईचा अर्धा रोज कापला तर तो अन्याय ती वर्षभर विसरत नाही, आणि खरं सांगायचं तर विसरूही नये.

मुकादमाचा विषय निघालाच आहे. तो माणसं आणतो, हे खरं. पण मजुरी त्याच्या हातून गेली की दहा-वीस रुपये डोक्यामागे कापले जातात, आणि ऑडिटर बायांना एकटं गाठून हाच प्रश्न विचारतो. पैसे प्रत्येकीच्या स्वतःच्या खात्यात, नवऱ्याच्या नाही. मुकादमाला माणसं आणण्याचे वेगळे पैसे कंपनीने बिलावर द्यावेत. उचलीलाही नियम ठेवा: त्या महिन्यात कमावलेल्या रोजाच्या अर्ध्यापर्यंत, वहीत सही घेऊन, बिनव्याजी, पुढच्या पगारात वळती. लग्नासाठी म्हणून 30 हजारांची उचल देऊन माणूस बांधून ठेवणं ही जुनी सालदारीची रीत आहे. परदेशी ग्राहकाच्या भाषेत तिला वेठबिगारी म्हणतात आणि त्यावर ऑर्डर रद्द होते.

देठ खुडण्याचा दर किलोवर द्यावा की रोजावर? भिवापूर-उमरेडकडच्या मिरची सातऱ्यांवर (देठ खुडण्याच्या अड्ड्यांवर) किलोचा दर चालतो, म्हणून इथेही तोच लावला जातो. स्थानिक बाजाराला तो पुरतो. निर्यातीच्या मालात तो दोन ठिकाणी फसतो. हळू हाताच्या बाईचा दिवस किमान वेतनाखाली जातो, आणि ते वेतनपत्रकात उघड दिसतं. तिची भरपाई करावीच लागते. दुसरं, घाईत देठाचे तुकडे, बुरशीची काळी मिरची, दोऱ्याची टोकं तशीच पुढे जातात. रोज ठरावीक द्या आणि वर लॉटमागे गटाचा गुणवत्ता भत्ता ठेवा: प्रत्येक लॉटमधून वेगवेगळ्या ट्रेमधले मिळून 500 ग्रॅम काढायचे, पांढऱ्या कापडावर पसरायचे, देठ आणि बाहेरचा कचरा वेगळा तोलायचा, आकडा फळ्यावर. ठरलेल्या मर्यादेत आला तर भत्ता सगळ्या गटाला. एकटीला बक्षीस दिलं की दुसरीच्या ट्रेमधला कचरा ती दाखवत नाही, गटाला दिलं की दाखवते.

यातलाच एक नाजूक विषय बांगड्यांचा. काचेची बांगडी पावडरच्या हॉलमध्ये चालत नाही; मेटल डिटेक्टर काच पकडत नाही, आणि पाऊचमध्ये काच निघाली तर सगळा लॉट परत येतो. पण पुरुष सुपरवायझरने दारात उभं राहून सवाष्ण बाईला ‘बांगड्या काढा’ म्हणणं म्हणजे त्या दिवशी सहा जणींनी घरी जाणं. हा नियम नेमणुकीच्या आधीच सांगायचा, वयाने मोठ्या बाईने सांगायचा, आणि पर्याय हातात ठेवूनच सांगायचा: नावाची कापडी पिशवी आणि कुलूपबंद खण. जिला काढायच्याच नाहीत तिला हळकुंडांच्या कच्च्या मालाच्या शेडवर काम द्या, रोज तोच. मंगळसूत्र कॉलरबंद ॲप्रनच्या आत. चिकटणारी टिकली काढायची, नुसतं कुंकू टोपीखाली राहू शकतं. मेंदी ओली असेल तर त्या दिवशी हातमोजे. संक्रांतीच्या आणि लग्नसराईच्या आधी हे पुन्हा सांगावं लागतं.

मिरची दळणाऱ्यांकडे वेगळं लक्ष हवं. साधा कापडी रुमाल तिथे उपयोगाचा नाही. एन-95 मास्क आणि बंद चष्मा, दर दोन तासांनी माणूस बदलायचा, धूळ ओढणारा पंखा बंद असेल तर दळण बंद. या जागेवरची माणसं सगळ्यात लवकर सोडून जातात, आणि कारण विचारलं तर ‘घरी काम आहे’ सांगतात. खरं कारण खोकला.

पगाराचा कागद. समजा महिन्याची मजुरी 13,000 धरली. खरा आकडा तुमच्या उद्योगाच्या किमान वेतनाप्रमाणे, परिमंडळाप्रमाणे आणि विशेष भत्त्यासह काढा. हा भत्ता जानेवारी आणि जुलै असा वर्षातून दोनदा बदलतो आणि जुलैचा बदल बहुतेक युनिटं विसरतात. 13,000वर कामगाराचा पीएफ 12 टक्के म्हणजे 1,560, ईएसआयसी 0.75 टक्के म्हणजे 98. बाईच्या हातात 11,342. पुरुषाचा व्यवसाय कर 200 वेगळा जातो, म्हणून 11,142. महाराष्ट्रात 25,000 पगारापर्यंत बायांना तो माफ आहे, पण सॉफ्टवेअरमध्ये स्त्री-पुरुष रकाना चुकीचा भरला की कापला जातो. मालकाचा पीएफ, विमा आणि प्रशासन खर्च धरून 13 टक्के, म्हणजे 1,690, ईएसआयसी 3.25 टक्के, 423. मजुरीसह एकूण 15,113. त्यावर बोनसची 8.33 टक्के तरतूद केली तर 1,083, आणि ग्रॅच्युइटीचे साधारण 625. म्हणजे 13,000ची बाई तुम्हाला 16,821ला पडते. किलोमागे मजुरीचा खर्च काढताना हाच आकडा धरा. दुबईच्या व्यापाऱ्याला दर देताना 13,000 धरले की वर्षअखेरीस ‘धंदा झाला पण पैसा कुठे गेला’ हा प्रश्न पडतो.

बोनसमध्ये नव्या आस्थापनेला एक सवलत आहे: माल विकायला सुरुवात केल्यानंतरच्या पहिल्या पाच हिशोबी वर्षांत ज्या वर्षी नफा झाला त्याच वर्षाचा बोनस देणं बंधनकारक. पण दिवाळीला शेजारच्या जिनिंगमध्ये काहीतरी वाटलं जातं आणि तुमच्याकडे काहीच नाही, हे गावात लपत नाही. थोडं द्या. मूळ पगार लहान दाखवून भत्ते फुगवायची युक्तीही आता चालत नाही, कारण भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यावर गेले तर वरचा भाग वेतनातच मोजला जातो.

बाया म्हणतील, ‘पीएफ नको भाऊ, नगदी द्या.’ त्यांचं चुकत नाही. त्यांच्या ओळखीत कुणाचा तरी पीएफ आधीच्या ठिकाणी कापला गेला आणि परत मिळाला नाही. बहुतेकदा कारण नावाचं असतं: आधारवर सासरचं नाव, बँकेत माहेरचं, जन्मतारीख कुठे नुसतं वर्ष. कामावर घेण्याच्या दिवशीच आधार, पासबुक आणि असेल तर पॅन शेजारी ठेवून अक्षर न अक्षर जुळवा. जुळत नसेल तर आधार केंद्रात जायला अर्ध्या दिवसाची भरपगारी सुटी द्या, नॉमिनेशन त्याच महिन्यात करून टाका. सहा महिन्यांनी एकदा सगळ्यांच्या मोबाइलवर त्यांची शिल्लक दाखवा. एकीने पैसे काढून दाखवले की बाकीच्या गप्प होतात.

आधी पाहा की ईएसआयसी तुम्हाला लागू आहे का आणि दवाखाना किती लांब. लागू असेल तर हे दोन आकडे सुपरवायझरला पाठ हवेत. एप्रिल-सप्टेंबर किंवा ऑक्टोबर-मार्च या सहामाहीत 78 दिवसांची वर्गणी भरली असेल तरच आजारपणाचा 70 टक्के भत्ता मिळतो, आणि बाळंतपणाच्या 26 आठवड्यांच्या पगारासाठी आधीच्या दोन सहामाह्यांत मिळून 70 दिवस लागतात. एखादी पाच दिवसांनी हुकणार असेल तर तिला पाच दिवस काम मिळेल असं पाहा. ईएसआयसी लागू नसेल तर बाळंतपणाचा खर्च कायद्याने तुमच्या अंगावर आहे. ‘लग्नाची मुलगी नको’ हा त्यावरचा उपाय बेकायदा आहे आणि मूर्खपणाचाही.

ऑडिटबद्दल. जर्मनीत पुरवठा साखळीचा कायदा 2023पासून मोठ्या कंपन्यांना आणि 2024पासून 1,000 किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्यांना लागू झाला. तुमचा ग्राहक स्वतः त्यात बसत नसेल तरी तो ज्या सुपरमार्केटला विकतो ते बसतात, म्हणून प्रश्नावली खाली सरकत सरकत समुद्रपूरला येते. त्याला विचारा की सामाजिक ऑडिटच्या पद्धतींपैकी स्मेटा हवं की बीएससीआय, आणि कोणत्या तारखेपर्यंत. सहा महिने मागा, बहुधा मिळतात.

ऑडिटर बारा महिन्यांची हजेरी आणि पगारपत्रकं पाहतो, वयाचे पुरावे पाहतो, मालकाला बाहेर बसवून कामगारांशी बोलतो. सगळ्यात जास्त युनिटं पडतात ती दोन वह्यांमुळे. हजेरीत रविवारी सुटी, आणि ग्राइंडिंगच्या लॉटशीटवर रविवारची तारीख, ऑपरेटरची सही. तो दोन्ही कागद शेजारी ठेवतो, संपलं. गेटचं रजिस्टर, जनरेटरची लॉगबुक, सीसीटीव्ही, सगळीकडून हेच उघडं पडतं. जादा काम झालं असेल तर दाखवा आणि दुप्पट दराने द्या. मागचं चुकलं असेल तर फरकाची रक्कम चुकती करून तसा कागद ठेवा. खरी चूक आणि तिची दुरुस्ती ऑडिटर समजून घेतो. बनावट वहीला मात्र माफी नाही. बायांना उत्तरं पाठ करून देऊ नका, चौघी एकाच वाक्यात बोलल्या की त्याला कळतं. मागचं दार चोरीच्या भीतीने कुलपात असतं, ते आतून ढकलून उघडणारं करा. महिलांच्या तक्रारींची समितीही खरी हवी: दहापासून पुढे माणसं असली की बंधनकारक, अध्यक्ष वरिष्ठ महिला, निम्म्याहून कमी महिला चालत नाहीत, एक सदस्य बाहेरचा. मालकाची बायको अध्यक्ष आणि मेहुणा बाहेरचा सदस्य असल्या समितीकडे कोण तक्रार करेल?

तुम्ही विचारलं नाही, पण शेतकऱ्यांकडे फिरणाऱ्या फील्डच्या पोरांना प्रोत्साहन कशावर देता हे तपासा. खरेदी केलेल्या क्विंटलवर देत असाल तर आजच थांबवा. क्विंटलवर पैसे मिळणारा पोरगा बांधावरची युरियाची गोणी पाहत नाही, आणि तुमच्या शेतकरी गटाबाहेरची हळद गटाच्या पोत्यात चढते. हे जर्मनीच्या लॅबमध्ये कळतं. वायगाव हळदीला 2016पासून जीआय (भौगोलिक मानांकन) आहे. त्या नावाने विकायचं तर कुठली हळद कुठल्या शेतातली हे याच पोराच्या वहीवर टिकतं. प्रोत्साहन द्या ते पूर्ण भरलेल्या शेत-डायऱ्यांवर आणि कीटकनाशकांच्या अवशेष चाचणीत पास झालेल्या लॉटवर. स्वतःच्या नातेवाइकाच्या शेताची तपासणी त्याने करायची नाही, दरवर्षी काही गावं अदलाबदल करायची, पेट्रोल किलोमीटरवर आणि वेळेत. पेट्रोलचे पैसे दोन महिने थकले की तो घरी बसून डायऱ्या भरतो.

एक्स्पोर्ट, लॅब आणि उत्पादन या तीन जागांना पगाराशिवाय काही द्यायचं तर शेअरच्या नादी लागू नका. कुटुंबाच्या प्रायव्हेट लिमिटेडमधला शेअर विकणार कुठे? आणि तुम्ही शेतकरी उत्पादक कंपनी असाल तर उत्पादक नसलेल्याला शेअर देताच येत नाही. वर्षाच्या नफ्याचा ठरावीक टक्का बाजूला काढा, त्यातला अर्धा त्याच वर्षी आणि अर्धा पुढच्या दोन वर्षांत द्या. मोजायचा तो माल रवाना झाल्यावर नाही, परदेशातून पैसे खात्यात आल्यावर. आकडा लेखी ठेवा. तोंडी ‘तुझं बघू’ ऐकूनच पोरं पुण्याची वाट धरतात.

माणसं 70-80च्या घरात गेली, किंवा दुसरी पाळी सुरू झाली, की एचआरची स्वतंत्र जागा करा. तेव्हाही पहिलं नाव आता हजेरी-पगाराला ठेवलेल्या त्या मुलीचं घ्या. तोवर तिने दोन ऑडिटं आणि दोन सोंगण्या पार पाडलेल्या असतील, आणि कोणत्या गावची गाडी कधी बंद पडते हे तिला माहीत असेल.